गोठ्याच्या दोन दारांचा निकाल

सविता हार्डवेअर,
सातपूर कॉलनी, नाशिक
२६ मार्च २००७

इन्स्पेक्टर झुंबर भोये यांना निवृत्ती बोरस्तेचा रामराम,

कंपनी सोडून सहा वर्षं झाली तरी तुला इन्स्पेक्टर म्हटल्याशिवाय माझं पत्र पुढं सरकत नाही. एकोणीस वर्षं मी प्रेस मशीनवर पीस काढले आणि तू व्हर्निअरनं माप घेऊन ते नापास केलेस. आता मी हार्डवेअरवाला झालो आणि तू हरसूलला जाऊन भात लावतोस. तुझ्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही आणि प्रेसच्या धडधडीनं माझे कान गेलेले, फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते. म्हणून आपली ही कागदावरची बडबड.

बातमी अशी की हायवेला 'घरबार' नावाचं दुकान उघडलं आहे. दुकान कसलं, आपल्या कंपनीच्या दोन शेड त्यात आरामात मावतील. आत गारेगार हवा, सामान ठेवायला ढकलगाड्या, खिळ्यापासून कमोडपर्यंत सगळं एका छपराखाली. मी दुकानदार आहे हे कळू नये म्हणून गेल्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. निळ्या टी-शर्टातल्या एका माणसाला विचारलं, बाथरूमच्या दाराला कुठली बिजागरी चांगली? त्यानं मला बिजागऱ्यांची भिंत दाखवली आणि तो निघून गेला. भिंतीशी काय बोलणार? मी खिशातला कागद काढला आणि दहा वस्तूंचे भाव उतरवून आणले.

आता ऐक. चार इंची बिजागरी त्यांच्याकडे बावीस रुपये, माझ्याकडे वीस. नळ त्यांचा एकशे पंच्याऐंशी, माझा एकशे सत्तर. खिळे त्यांचे अठ्ठेचाळीस, माझे चव्वेचाळीस. दहाच्या दहा वस्तू माझ्याकडे स्वस्त निघाल्या. सविता म्हणाली, उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढू नका. पण मी चढलो आहे आणि इथून छान दिसतंय.

तुझ्या घराच्या भिंती दारापर्यंत आल्याचं कळलं. दार-खिडक्यांच्या सामानाची यादी पाठव, काढून ठेवतो. सध्या गिऱ्हाईक जरा कमी आहे, पण मार्चमध्ये ते असतंच.

तुझा,
निवृत्ती


हरसूल
९ एप्रिल २००७

निवृत्तीशेठ,

पत्र मिळालं. चिमणाबाईला वाचून दाखवलं. बायकोचं नाव दुकानाला दिलं म्हणून तुझं तिला फार कौतुक आहे. मी माझ्या गोठ्याला तिचं नाव देतो म्हणालो तर बोलेनाशी झाली.

आता कामाचं. माझा लखन अंबडला एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो हे तुला माहीत आहे. तू त्याला पाहिलंस तेव्हा तो चौथीत होता, त्यामुळे गेल्या आठवड्यात तो तुझ्या दुकानात येऊन गेला तरी तू त्याला ओळखलं नाहीस. मीच त्याला सांगितलं होतं की काकाला नाव सांगू नको, भाव विचार आणि लिहून आण. त्यानंतर तो 'घरबार'मध्ये गेला. त्याचा तक्ता या पत्रासोबत जोडला आहे. तुझी बिजागरी अठ्ठावीस, त्यांची बावीस. तुझा नळ दोनशे वीस, त्यांचा एकशे पंच्याऐंशी. तुझे खिळे पंचावन्न, त्यांचे अठ्ठेचाळीस. दहापैकी नऊ वस्तू त्यांच्याकडे स्वस्त आहेत.

माझ्यासमोर आता दोन कागद आहेत, एक तुझा आणि एक माझ्या मुलाचा. तुम्ही दोघंही खोटं बोलणारे नाही. तेव्हा कुणाचं तरी मोजमाप चुकतंय. कुणाचं ते तू सांग. घराचं सगळं सामान 'घरबार'मधून आणायचं असं लखननं ठरवून टाकलं आहे आणि मी अजून हो म्हटलेलं नाही.

झुंबर


सातपूर
१४ एप्रिल २००७

झुंबर,

मित्राच्या दुकानात मुलाला हेर म्हणून पाठवलंस, शाब्बास.

तुझ्या मुलानं पहिला भाव लिहून नेला. पहिल्या भावाला कोण घेतं रे? मी अठ्ठावीस म्हणतो, गिऱ्हाईक पंधरा म्हणतं, मी चहा सांगतो, त्याच्या घरचं विचारतो आणि बिजागरी विसाला जाते. माझ्या दुकानात रोज हेच चालतं आणि कॉलनीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. तुझा मुलगा अठ्ठावीस ऐकून 'बरं' म्हणाला आणि उठला. मला वाटलं पैसे आणायला गेला.

कॉम्प्युटरवर तक्ता काढता येतो, पण बाजारात बोलायचं कसं ते तू त्याला शिकवायला हवं होतंस. घर तुमचं आहे, सामान कुठून आणायचं ते तुम्ही ठरवा.

निवृत्ती


हरसूल
२ मे २००७

निवृत्ती,

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि दोन आठवडे उत्तर दिलं नाही. आता देतो, आणि यात थट्टा नाही.

ड्रॉइंगवर माप एकच असतं. मित्राला एक आणि परक्याला दुसरं, असं माप मी एकोणीस वर्षांत पाहिलं नाही. तू म्हणतोस, पहिल्या भावाला कोण घेतं. मी घेत होतो. ऐंशी साली मी इथून सातपूरला आलो तेव्हा मला शहरातलं बोलणं जमत नव्हतं. दुकानदारानं बादली चाळीसला सांगितली की मी चाळीस द्यायचो, नाहीतर न बोलता बाहेर पडायचो. पाठीमागं दुकानदार हसायचा, ते मला ऐकू यायचं. आमच्या पाड्यावरची माणसं द्राक्षाच्या हंगामात तुमच्या निफाडकडं मजुरीला जातात, परतताना कडी-कोयंडा घेऊन येतात. त्यांना तुझा चहाही मिळत नाही आणि वीसचा भावही मिळत नाही. लखन उठला तसा त्याच्या जागी मीही उठलो असतो. 'घरबार'मध्ये निदान आकडा लिहिलेला असतो आणि तो सगळ्यांना सारखा असतो.

हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे, कारण तू वाईट माणूस नाहीस. तुझ्या हे कधी लक्षातच आलं नसणार.

भावाचं एवढं पुरे. राहिला दर्जा. तो तुझ्या म्हणण्यानं ठरणार नाही आणि लखनच्या म्हणण्यानंही ठरणार नाही. मी काल नाशिकला येऊन गेलो. तुला भेटलो नाही. 'घरबार'मधून दहा वस्तू घेतल्या, आणि कॉलनीतल्या ओळखीच्या शिंप्याला तुझ्याकडं पाठवून त्याच दहा तुझ्या दुकानातून आणवल्या. घराचं काम दिवाळीपर्यंत थांबवलं आहे. आमच्या गोठ्याला दोन दारं आहेत. एका दाराला त्यांचं सामान लावलं, दुसऱ्याला तुझं. शेण, गोमूत्र आणि इथला चार महिन्यांचा पाऊस, याच्यापुढं कुठल्याही कंपनीची टेस्टिंग लॅब टिकत नाही. आमच्या पाड्यावर आणखी सात घरं बांधायला निघाली आहेत. सगळे माझ्या गोठ्याकडं बघून ठरवणार आहेत. जे दिसेल ते मी सांगेन.

झुंबर


सातपूर
२० ऑगस्ट २००७

झुंबर,

मे महिन्यात तुझं पत्र आलं तेव्हा मी ते फाडणार होतो. सवितानं हातातून काढून घेतलं, वाचलं आणि म्हणाली, खरं लिहिलंय त्यांनी. मग मी तिच्याशीही आठ दिवस बोललो नाही.

जूनमध्ये एका दुपारी एक बाई आल्या, कुसाबाई नावाच्या, पेठकडच्या. इथं इमारतीच्या कामावर होत्या. कुलूप मागितलं. मी सवयीनं नव्वद म्हणालो. त्यांनी कमरेची पिशवी काढली आणि नव्वद मोजायला लागल्या. ते कुलूप मी पासष्टला देतो. त्या मोजत होत्या आणि मला तुझी बादली आठवत होती. मी पासष्ट घेतले. त्यांना काही कळलं नाही, पण मला दिवसभर लाज वाटत राहिली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी आणि सवितानं प्रत्येक वस्तूवर भाव लिहिला. शेवटचा भाव, तोच पहिला. 'घरबार'चा भाव माहीत असला तर तोही शेजारी लिहिला, आमच्यापेक्षा कमी असला तरी लिहिला. जुनी गिऱ्हाइकं रुसली. एक जण म्हणाला, शेठ, तुम्ही आता बोलतच नाही, मग इथं यायचं कशाला? त्याला चहा पाजला आणि भाव तोच ठेवला.

आता जे मी तुझ्यापासून लपवलं ते सांगतो. मार्चमधली मंदी मार्चपुरती नव्हती. 'घरबार' उघडल्यापासून गिऱ्हाईक निम्म्यावर आलं आहे. सुतार, प्लंबर, सगळे हायवेला जातात. गाळ्याचा करार दिवाळीच्या पाडव्याला संपतो आणि मालक विचारतो आहे, ठेवणार की सोडणार. 'घरबार'च्या एका साहेबांनी मला नोकरी देऊ केली आहे. निळा टी-शर्ट घालून बिजागऱ्यांच्या भिंतीशी उभं राहायचं, पगार ठरलेला. सविता म्हणते घ्या. तिनं त्या टी-शर्टासाठी माझं मापसुद्धा घेऊन ठेवलं आहे. ती म्हणते, महिन्याच्या महिन्याला पगार आला तर मला झोप लागेल. तिला नाही म्हणायला माझ्याकडं कारण नाही.

झुंबर, हे वाचून दया आली म्हणून माझ्या दाराला झुकतं माप देऊ नकोस. माझं सामान वाईट ठरलं तर मी पाडव्याला किल्ली देतो आणि टी-शर्ट घालतो. पण ते खरोखर चांगलं असेल तर मला सोडायचं नाही. मला हे दुकान फार आवडतं रे.

निवृत्ती


हरसूल
२८ सप्टेंबर २००७

प्रिय निवृत्ती,

घाटात दरड आली म्हणून तुझं पत्र मला दहा सप्टेंबरला मिळालं. ते येण्याआधीच निम्मा निकाल माझ्या वहीत लिहिलेला होता. तेव्हा दयेचा प्रश्न उरत नाही.

आधी तुझे दोष. तुझा नळ ऑगस्टपासून ठिबकतो, त्यांचा ठिबकत नाही. नळ नापास. कुलूप अडकवायच्या तुझ्या अल्ड्रॉपवरचा मुलामा गणपतीच्या आत फुगला, आणि आता तो गोठ्याचा सगळ्यात कुरूप भाग आहे. अल्ड्रॉप नापास. रंगही त्यांचा जास्त टिकला. तीन वस्तूंत तू हरलास. हे मी आधी लिहितो, कारण पुढचं वाचल्यावर तू हे वाचणार नाहीस.

आता बाकीचं. त्यांच्या खिळ्यांची पिशवी एक किलोची वाटते, पण वजन नऊशे ग्रॅम, आणि ते तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंही आहे. म्हणजे त्यांनी फसवलेलं नाही, आम्ही वाचलं नाही. तुझे खिळे एक किलो म्हणजे एक किलो. त्यांच्या बिजागरीचा पत्रा दीड मिलिमीटर, तुझ्या बिजागरीचा दोन. कडी, कोयंडा, साखळी, स्क्रू, हँडल, सगळ्यांत तू पुढं आहेस, कशात थोडा, कशात पुष्कळ. दहापैकी सात तुझ्या वस्तू पास.

हे सगळं मी व्हर्निअर आणि काटा लावून मोजलं, पण आमच्या पाड्यानं ते ऐकलं नाही. बाजाराच्या दिवशी आठही घरांची माणसं गोठ्यात जमली. मी वही उघडून मिलिमीटर सांगत होतो आणि ते एकमेकांकडं बघत होते. शेवटी म्हातारे गेणू म्हणाले, तुझं मोजणं राहू दे, जी बाई रोज गोठ्यात जाते तिला विचार. चिमणाबाई शेणाचे हात घेऊनच पुढं आली. कुठलं दार कुणाच्या सामानाचं हे मी तिला आजवर सांगितलं नव्हतं. ती एवढंच बोलली, "त्या दाराला मी रोज खांदा लावून उचलते. ह्या दाराला नुसता हात लावते." आणि ती आत निघून गेली.

ज्या दाराला ती हात लावते ते तुझं आहे. त्यांच्या बिजागरीचा खिळा गंजून धरला आणि दार अर्धा इंच खाली बसलं आहे.

त्यानंतर मी वही मिटली. आठही घरांच्या दार-खिडक्यांचं सामान तुझ्याकडून घ्यायचं ठरलं. नळ आणि रंग मात्र 'घरबार'मधून, ते तू मनाला लावून घेऊ नकोस. अल्ड्रॉप चांगला आणलास तर तोही तुझ्याकडून. दिवाळीआधीच्या रविवारी येतो. लखन तुझ्या पाट्या कॉम्प्युटरवर छापून आणणार आहे. त्यानं तुझं ऑगस्टचं पत्र वाचलं. परत देताना म्हणाला, मी काकांच्या तोंडावर भाव जास्त आहे म्हणायला हवं होतं.

झुंबर


सातपूर
१३ नोव्हेंबर २००७

प्रिय झुंबर,

तू स्वतः इथं होतास तरी तू काउंटरच्या त्या बाजूला होतास, म्हणून या बाजूचं मी लिहितो.

अल्ड्रॉपचा सगळा गठ्ठा मी ऑक्टोबरमध्येच घाऊकवाल्याला परत दिला. त्याला म्हणालो, माझा इन्स्पेक्टर हरसूलला असतो, त्यानं नापास केलाय. तो हसला. मी दुसऱ्याकडून जाड मुलाम्याचा आणला, तीन रुपये महाग पडला, तीन रुपये जास्त लिहिले.

त्या रविवारी तुमचा टेम्पो दारात उभा राहिला आणि त्यातून एकोणीस माणसं उतरली तेव्हा सविताला वाटलं मोर्चा आला. तुमच्या बायका वस्तू हातात घेऊन आकडा वाचत होत्या, एकमेकींना वाचून दाखवत होत्या, आणि तेवढेच पैसे काढत होत्या. कुणी चाचरलं नाही, कुणी माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. ज्या दुकानात रोज दिवसभर हुज्जत चालायची तिथं इतकी शांतता, आणि तरी विक्री चाललेली. भागुबाईंनी बिजागरी परत ठेवून मला विचारलं, "हा भाव उद्याबी हाच राहील ना?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, मग उद्या जावयाला पाठवते. आणि जावई आला, खरंच आला, त्याच्या गावची चार माणसं घेऊन.

एवढी गर्दी बघून कॉलनीतले लोक थांबायला लागले. जो सुतार हायवेला जायचा तो लखननं छापलेल्या पाट्यांसमोर उभा राहून दोन्ही भाव वाचत होता. मी नळाची पाटी लपवली नव्हती. तिथं स्पष्ट लिहिलं आहे की हा नळ 'घरबार'मध्ये चांगला मिळतो. त्यानं ते दोनदा वाचलं आणि बाकीचं सगळं सामान माझ्याकडून घेतलं. पाडव्यापर्यंतच्या सहा दिवसांत दोनदा माल मागवावा लागला. सहा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

तुम्ही गेल्यानंतरचं तुला माहीत नाही. पाडव्याच्या सकाळी दोन माणसं एकाच वेळी आली. एक 'घरबार'चे साहेब, नोकरीचं विचारायला, आणि दुसरा गाळ्याचा मालक, किल्लीचं विचारायला. समोर सहा गिऱ्हाइकं होती. साहेब पाऊण तास उभे राहिले. सभ्य माणूस, तक्रार केली नाही. शेवटी मी त्यांना म्हणालो, "साहेब, नोकरी दिलीत हे विसरणार नाही. पण मला आता वेळ नाही." हे वाक्य तोंडातून निघालं आणि माझं मलाच नवल वाटलं, कारण गेले आठ महिने माझ्याकडं वेळाशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यांनी हात मिळवला. जाताना ही बिजागरी कुठून आणता म्हणून विचारलं. ते मात्र मी सांगितलं नाही.

राहिला मालक. मी त्याला आत बसवलं आणि सविताकडं बघितलं. झुंबर, खरं सांगतो, मी घाबरलो होतो. पगार पाहिजे, झोप पाहिजे, असं ती कित्येक महिने म्हणत होती आणि मी आत्ताच तिला न विचारता नोकरी घालवली होती. ती काउंटरवर एका बाईला कडी-कोयंडा बांधून देत होती. तिनं वर पाहिलं नाही. मालकानं कागद काढला आणि मला विचारलं, करार एक वर्षाचा करायचा की दोन?

मी तोंड उघडायच्या आत सविता म्हणाली, "दहा."

निवृत्ती